दहा ओळी

जूनपासून लिखाण वाढलं.
तिसरीला दिवसाला तीन ओळी पुरायच्या,
आता निबंध, मामाला पत्र, धड्याचा सारांश,
आणि रविवारी रोजनिशी. ती मीच घातलेली भर,
शाळेत जात नाही, तर मागे पडू नये म्हणून.

आमची शाळा चोडणला, घराच्या बलकांवावर.
मुख्याध्यापक मी, शिपाई मी,
घंटा म्हणजे कुकरची शिटी.
विद्यार्थी एक. म्हाळसाकांत, म्हणजे म्हाळू, वय नऊ,
बाबा बोटीवर, या महिन्यात बहुतेक ब्राझीलजवळ.

बोलायला लागला की म्हाळू
फेरीबोट रायबंदरला लागली तरी थांबत नाही.
कुर्ली वाकडी का चालते,
कायतानबाबाच्या होडीला भोक कुठे आहे,
कोणत्या माडावर घार बसते आणि का.
पेन्सिल दिली, की तोच मुलगा
पाण्याबाहेर काढलेल्या शेवट्यासारखा
नुसतं तोंड उघडतो, मिटतो.

एक दिवस मी म्हटलं,
दहा ओळी झाल्याशिवाय उठायचं नाही.
दोन तासांत झाली एक:
'आमचे गाव चोडण आहे.'
'आहे' इतक्यांदा खोडलेलं
की कागदाला भोक पडून खालच्या पानावरचा
कालचा पाढा दिसत होता.
रडला, पण आवाज न करता.
मी त्याचं बोट पाहिलं. पेन्सिलीने खड्डा पडलेला, जांभळा,
आणि तळवा गरम, भाकऱ्या थापल्यावर माझा असतो तसा.
मी वही मिटली. मला माझीच लाज वाटली,
आणि थोडा रागही आला, हे खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी दोघं बांधावर गेलो.
कायतानबाब मानशीपाशी उभा होता.
भरती चढत होती, दार आपलं आपण मिटत होतं,
त्याने एक फळी तेवढी वर उचललेली,
पाणी आत येत होतं, हातभर रुंदीचं.
'सगळी न्हंय घेतली जाल्यार शेत खंय उरतलें?'
असं तो म्हणाला. आम्हाला नव्हे, बिडीला.
म्हाळू मात्र वाकून
फळीखालचं पाणी बघत बसला. एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी लिहायला बसले
आणि तो सांगायला.
मग एक ओळ माझी, एक त्याची.
मग वेळ ठरली: फेरी सुटली की सुरू,
पलीकडे लागली की पेन्सिल खाली.
अर्धा शब्द राहिला तर राहिला.
'लागली!' असा ओरडतो, की धक्क्यावरची माणसं मागे बघतात.
सारांश बुधवारी. पत्र मोठं झालं तर दोन फेऱ्यांत.
रोजनिशी मी गपचूप काढून टाकली,
त्याने विचारलंही नाही.

परवा फेरी लागली तेव्हा
पानावर 'कु' एवढंच उरलं होतं.
सकाळी दात घासायच्या आत
पळत येऊन त्याने 'र्ली' जोडलं.
मराठीच्या निबंधात 'खेकडा' हवा, हे मला माहीत आहे.
लाल पेन उघडलं. बंद केलं.
अजून ठरवलेलं नाही.

काल म्हणाला, 'तू कधी लिहितेस?'
मी म्हटलं, लिहिते की. यादी, दूधवाल्याचा हिशोब.
'तसं नाही.'
मग मलाही एक कोरं पान, एक पेन्सिल,
टोक त्याने काढून दिलं. बाबांना लिही म्हणाला.
फेरी सुटली. खारफुटीवरून एक बगळा उठला,
इंजिनाचा आवाज पाण्यावर हळूहळू पातळ होत गेला,
आणि शेजारी तो खालचा ओठ दाताखाली धरून लिहीत होता,
मी तोंडातल्या तोंडात 'प्रिय' म्हणत होते.

'लागली!'
त्याच्या साडेचार ओळी, माझ्या दोन.
त्याने माझं पान ओढून घेतलं, वाचलं,
आणि गंभीरपणे म्हणाला,
'ऊन' मधला ऊ चुकलाय.