झाकणाखाली

ऑगस्टात सालमियाच्या नळाला
थंड पाणी हा प्रकार नसतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गार पाणी गीझरमधून घेतो.
गावी हे सांगितलं की हसतात.

लिसी आयर्लंडला गेली त्या पहाटे
तिची काळी बादली माझ्या दाराशी होती.
झाकणाला सहा भोकं, तीन रिकामी.
चिकटपट्टीवर तिचं बारीक, नर्सचं अक्षर :
मुबश्शिरभाई, पंप बंद करू नका.
आत उजेड जाऊ देऊ नका.
पाणी पंचविसाच्या वर गेलं तर
मला कळवू नका, बर्फ टाका.

दिवसभर मी लोकांचे एसी दुरुस्त करतो.
रात्री एका बादलीचा ताप बघतो,
गोठवलेली बाटली आत सोडून
काट्याकडे डोळे लावून बसतो.
एकतीस. तीस. साडेएकोणतीस.
शिडीवर चढून अख्खा मजला गार करणं
याहून सोपं.

भावाने फोनवर विचारलं,
माती नाही? मग उभं कशावर राहतं?
म्हटलं, जाळीच्या पेल्यात, भाजलेल्या मातीच्या गोळ्या असतात.
म्हणजे आहे ना माती, तो म्हणाला.
भाजलेली, मी म्हटलं.
मग तो म्हसळ्याच्या रस्त्याबद्दल बोलत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात रिहानने मान टाकली.
गळ्यापर्यंत पाणी, आणि पानं तहानलेली.
जुम्म्याहून आल्यावर झाकण उचललं.
आधी वास आला,
तुंबलेल्या ड्रेन पाइपचा. तो मी झोपेतही ओळखतो.
तिन्ही झाडांची मुळं एकमेकांत शिरलेली,
तपकिरी, बुळबुळीत.
कुणाचं कुठलं, काही कळेना.

आमची फुफी तरव्याची मूठ
घोट्यावर आपटून चिखल झाडायची
आणि न बघता मागे फेकायची.
चार मुळं तुटली तर तुटली.
भाताने कधी तक्रार केली नाही.
तो हात मला इथे वापरता आला नाही.

शफिकुल शिंपी. माझ्या वरच्या पलंगावर झोपतो.
गुंता सोडवणं त्याच्या बोटांतच आहे.
परातीत गीझरचं पाणी घेतलं,
फार्मसीतलं पेरॉक्साइड, एक झाकण,
आणि त्याची धाग्यांची छोटी कात्री.
दुपारभर आम्ही दोघं फरशीवर.
ओढायचं नाही, फक्त पाण्यात हलवायचं,
जे सुटतंय ते सुटू द्यायचं.
कुजलेल्या मुळाची साल
पायातून मोजा निघावा तशी निघते,
आत एक दोरा उरतो, आणि तो काही पीत नाही.

मिरची सगळ्यात टवटवीत दिसत होती.
तिच्या खाली काहीच नव्हतं.
रिहानला मधोमध, आत लपलेली,
बोटभर पांढरी मुळं सापडली.

पानंही कापायची, मी म्हटलं.
एवढी चांगली पानं? शफिकुल थांबला.
जेवढं खाली गेलं तेवढं वरचं.
नाहीतर ही बोटभर मुळं कुणाकुणाला पाजणार?
त्याने कापली, आणि कात्री शर्टाला पुसून
रात्रीच्या डाळीत ती पानं टाकली.

बादली घासली. पाणी दोन बोटं कमी ठेवलं,
वरच्या मुळांना हवा लागते.
खत अर्धंच. आजाऱ्याला पेज देतात तसं.
तीन दिवस खिडकीपासून लांब,
माझ्या पलंगाखाली, चपलांच्या शेजारी.
पंप रात्रभर गुरगुरत होता.
शफिकुल म्हणाला, तुझ्या घोरण्यापेक्षा बरा.

अकराव्या दिवशी दोन नवी पानं.
फोटो लिसीला पाठवला.
तिकडे पाऊस असावा, किंवा तिची रात्रपाळी.
दोन तासांनी उत्तर आलं :
पानं नको. मुळं दाखवा.

मग झाकण उचलून, मोबाइलचा टॉर्च लावून,
शफिकुलने पेला अलगद वर धरला.
शेवयांसारखी पांढरी, थेंब गळणारी,
वीतभरसुद्धा नाहीत.
पाठवला.

ती टाइप करतेय, असं बराच वेळ दिसत राहिलं.
मग आलं :
ठीक. आता झाकण लावा.