एक घंटी

अकरा वर्षं मी पाणी मोजून प्याले.
डेपोतून निघताना दोन घोट,
झरीला नुसती चूळ,
बोरीला काहीच नाही.
बोरीच्या स्टँडवर बायांच्या संडासाला
दार होतं तेव्हा कडी नव्हती,
कडी आली तर दार गेलं.
आता बायांना तिकीट अर्धं,
पण लघवीला जागा पूर्ण कुठंच नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी
डाव्या कुशीत कुणीतरी तापली सळई फिरवली.
घंट्या किती मारल्या, आठवत नाही.
गुट्टे ड्रायव्हरनं गाडी थेट दवाखान्यापुढं लावली,
पॅसेंजरांसकट.
एक म्हातारा उतरेचना,
म्हणला, माझं तिकीट स्टँडचं आहे.

सोनोग्राफीवाला म्हणाला, अकरा एमएम.
मनात आलं, वर्षाला एक.

सासूबाईंनी हुलग्याचं पाणी पाजून झालं होतं,
पानफुटीची पानं, मीठ लावून,
मानवतच्या कुणाची तरी पुडी.
डॉक्टर मुंदडांनी सगळं ऐकून घेतलं.
हे चार-पाच एमएमचं काम, म्हणाले,
अकराचं माझं.

पाठीत सुई.
उभ्यानं नोकरी केलेले पाय
पहिल्यांदाच रजेवर गेले.
पडद्यावर पाहिलं मी,
ओला गुलाबी बोगदा
आणि मधोमध तो,
पिवळट, सराट्यासारखा काटेरी,
विनातिकीट, वर जागा न सोडणारा.
लेसर लागला तसा
पाण्यात फुफाटा उडाला.

"आत डीजे ठेवलाय, तीन आठवडे," सिस्टर म्हणाली.
"पोटात?" सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या.
नळी आहे हो, बारीक नळी.
पण वाजायचा तो.
लघवीला बसलं की कमरेत ठोका,
वाकलं की ठोका,
शिंकलं की अख्खी वरात.

तीन लिटर पाणी, कागदावर लिहिलेलं,
खाली दोन रेघा.
आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी.
हंड्याच्या कडेचा पांढरा थर
चाकूनं खरवडला तरी निघत नाही.
सुगत जार आणायचा,
बाटलीवर पेननं खुणा करायचा,
शाळेतून आला की दप्तराआधी बाटली बघायचा:
आई, खुणेच्या खाली गेलंच नाही.
मग मी त्याच्यासमोर गटागटा,
चोरी सापडलेल्या पोरीसारखी.

एकविसाव्या दिवशी नळी निघाली.
निळी, दोन्ही टोकांना वळलेली.
मी तेवढा वेळ पंखा बघत होते.
तपासायला दिलेले खडे वगळून
उरलेले दोन मी मागून घेतले.
कॅश बॅगेत सुट्ट्यांच्या कप्प्यात आहेत.
का, ते विचारू नका.

आज पहिली ड्युटी. सात-दहाची जिंतूर.
बॅगेपेक्षा बाटली जड.
बोरीच्या अलीकडं पेट्रोल पंप आहे,
त्याला संडास, संडासाला कडी.
मी दोरी ओढली. एकदा.
गुट्टेंनी आरशातून पाहिलं, इथं थांबा नाही.
पाहिलं, आणि ब्रेक मारला.
मागून कुणी ओरडलं, ओ मॅडम, उशीर होतोय!

बाहेर आले तर दारापुढं चार बाया.
पुढच्या आजीनं काही न बोलता
हातातली पिशवी माझ्याकडं दिली, धर म्हणून.
दोन घंट्या
मी बऱ्याच वेळानं दिल्या.