पट्टी

तीस वर्षं मी हवामानखात्याचे फुगे सोडले,
म्हणून आकाशातलं काहीही अडलं की बेटावरचे माझ्याकडे येतात.
मार्यून आली ती बूटही न काढता.
मोबाइल पुढे धरला. "हे बघ. काल रात्री, पावणेदहा."

काळा डोंगर, खाली खाडी,
आणि उजवीकडे वर हिरवट, शुक्राहून मोठं काहीतरी,
कुणी टांगून विसरल्यासारखं.
"डोळ्यांना दिसलं नव्हतं," ती म्हणाली, "फोटोतच आलं."

कॉफी ठेवली. एकेक नाव खोडत गेले.
शुक्र आठलाच मावळला.
गुरू तिच्या पाठीशी, मेंढवाड्याच्या छपरावर.
अंतराळस्थानक साडेसहालाच येऊन गेलं.
कोपनहेगनचं विमान वाऱ्यापायी रद्द.
फुगा? फुगे मी ओळखते,
ते असे थांबत नाहीत कुणासाठी.

"मग?"
त्या एका अक्षरात इतकी आशा होती की कप खाली ठेवावा लागला.
नवरा बुडाला त्या वर्षापासून ती वर बघते.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

शेवटी विणकामाची लाकडी पट्टी काढली,
त्या ठिपक्यापासून चित्राच्या मध्यातून
तिरकी, खाली डावीकडे.
टोक टेकलं ते नेमकं पैलतीरावर,
होडीघराच्या दिव्यावर.

भिंगाची खोडी, मी म्हटलं. आत शिरलेला उजेड
आतल्या आत आपटतो आणि समोरच्या कोपऱ्यात उलटा उमटतो.
दिव्यावरची पत्र्याची टोपी बघ,
वरच्यात ती तळाशी आली आहे.

ती बघत राहिली. होडीघर हेयिनचं.
पाठचा भाऊ. बापाची होडी वाटताना फाटलं,
त्याला अकरा वर्षं झाली; चर्चमध्येही बाकं वेगळी.

"म्हणजे काहीच नव्हतं."
"दिवा होता."
"फेब्रुवारीत? होड्या वर ओढलेल्या असताना?
कशाला लावील तो दिवा?"

माझ्या तक्त्यांत मावळतीच्या वेळा आहेत,
भरती-ओहोटी आहे, वाऱ्याची दिशा आहे.
ती गेली. बुटांचं पाणी फरशीवर राहिलं.

मग तीन आठवडे नुसते ढग. फॅरोत हे असंच.
पहिल्या उघड्या रात्री खिडकीशी उभी राहिले
तर होडीघरापाशी तो उजेड,
आणि अलीकडे, मार्यूनच्या दाराशी, आणखी एक,
जिथे कधीच नसतो.

मध्ये भिंग नव्हतं.
पट्टी लोकरीच्या टोपलीत होती.
राहू दिली.