जीभ दाखव

तुरा आल्यावर कुणीही ओळखतं.
तुरा आला की गवत आपणहून बोलतं.
खरं कसब त्याआधीचं:
नुसतं पातं, नुसती कांडी,
आणि काउंटरपलीकडे कुणीतरी
प्लास्टिकची पिशवी धरून उभं,
"हे मारू का ठेवू?"

सेडेलियाच्या या कचेरीत
लोरेटाने पहिल्या दिवशी मला भिंग दिलं
आणि म्हणाली, डॉक्टरसारखी वाग.
पातं खोडापासून हळूच मागे ओढ,
सांध्यात बघ,
जीभ दाखव म्हण.

असते खरंच तिथे, एवढीशी जिभली.
ऑर्चर्डग्रासची लांब, कागदी, टोकाला फाटलेली.
फॉक्सटेलची जीभ कसली, केसांची झालर.
क्वॅकग्रासची आखूड, पण त्याला दोन नख्या
खोडाला कवळा घालणाऱ्या,
आणि जमिनीखाली पांढऱ्या सुया,
बटाट्याच्या आरपार जातील अशा.
फेस्क्यूच्या कडेवरून बोट उलटं फिरवलं
तर करवत,
पालथं पातं मात्र तेल लावल्यासारखं.
त्याच्या पोटात एक बुरशी राहते.
ती भिंगात दिसत नाही.
हिवाळ्यात गाईच्या शेपटीच्या टोकाला कळते.

बार्नयार्डला जीभच नाही.
मुकं गवत. आमच्या भगरीचं चुलतभावंड.
"हिच्या जातीचं आम्ही उपासाला खातो," मी म्हणाले.
"उपास असताना खाता?" लोरेटाने विचारलं.
मी पुढची पिशवी उघडली.

ऑक्टोबरात, पहिलं हिव पडल्याच्या तिसऱ्या दिवशी
ऑर्व्हिल गेर्केन आला. टोपी हातात.
त्याच्या गवताची जीभ मी बघितलीच नाही.
पात्याच्या मधोमध पांढरी शीर,
भांग पाडावा तशी सरळ,
आणि मुळाशी बोटाएवढी जाड कांडं.
"कुंपणाकडेला होतं. किती वर्षं.
गुरं येता-जाता तोंड मारायची."
थंडीने करपलं की त्यात विष उतरतं,
हे सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
"दोन कालवडी," तो म्हणाला.
"पाण्याच्या टाकीपर्यंतही पोचल्या नाहीत."

त्याला फक्त नाव हवं होतं.
जॉन्सनग्रास, मी लिहून दिलं.
त्याने चिठ्ठी लांब धरून वाचली.
"जॉन्सन माझा शेजारी आहे," म्हणाला,
"भला माणूस."
मग घडी घालत राहिला,
नीट बसेपर्यंत.

तो गेल्यावर पातं मागे ओढलं.
होती जिभली: आखूड, काठाला बारीक केस.
नोंदवहीत लिहिली, तारीख घातली.
उशिरा का होईना, विचारायला हवं होतं तिला.

पिशवी झटकली तेव्हा
तळातून एक तुटकी कांडी पडली टेबलावर,
मातीसकट.
तिला कोंब होता.