दोन बोटं जास्त

मानीत्सोकच्या बंदरामागे, मासळीच्या जुन्या शेडमध्ये
इलान्ग्वाकने माझं माप घेतलं. फूटपट्टी नाही.
लांबी: माझ्याच पसरलेल्या हातांचे तीन वाव.
रुंदी: माझी कंबर, आणि दोन्ही बाजूंना एकेक मूठ.
खोली: मूठ, वर ताठ अंगठा.
"ही फक्त तुलाच होईल," तो म्हणाला,
"बहीण मागेल तर तिला नवी."

मी म्हटलं, दोन बोटं रुंद कर.
आणि तळ जरा सपाट.
त्याने पेन्सिल कानामागे खोचली,
माझ्याकडे नाही, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.
ते मागच्या ऑगस्टपासून
पाणी दिसलं की आपोआप जुळतात.

"बरं." एवढंच.
बरगड्या वाफेवर धरल्या, दाताखाली दाबून वाकवल्या,
कण्याशी दोऱ्याने बांधल्या, खिळा एकही नाही,
आणि वर कॅनव्हास ताणलं,
कारण सीलचं कातडं शिवणाऱ्या बायका आता
नूकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात.

बंदरात ती ताटासारखी बसली.
मी हात वर केले, मागे वळून पाहिलं,
थर्मास उघडून कॉफी ओतली. सांडली नाही.
धक्क्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.
इलान्ग्वाक दोरी गुंडाळत होता.

टोकाबाहेर फुगवटा बाजूने आला.
तेव्हा कळलं सपाट तळ म्हणजे काय:
तो पाण्याचं ऐकतो.
पाणी सपाट, तर तोही सपाट.
पाणी तिरकं झालं की तोही तिरका,
वर बसलेल्या माणसाला विचारतं कोण.
मी कंबर उलटी ओढत होते, होडी ऐकेना.
मग कान. मग हिरवं. मग काळं.
पाण्याखालून त्याच्या मोटरबोटीचा आवाज
डब्यात कोंडलेल्या माशीसारखा येतो.

हिवाळ्यात त्याने ती सोडवली, गाठ न गाठ.
ओरडला नाही. आडपट्ट्यांतून करवतीने
दोन बोटं कापली. बरगड्या नव्या:
कण्यापासून दोन्हीकडे उतार, कुशीशी कोपरा,
तिथून वर काठ बाहेर झुकलेले.
"ही तुला घाबरवेल," तो म्हणाला. "बसल्या बसल्या.
शिंकलीस तरी हलेल. पण कलू दे तिला.
कलता कलता कूस पाण्यात उतरते,
बूड रुंदावतं, आणि पाणीच खालून टेका देतं.
तिथे थांब.
तुझी जागा तिथे आहे, मध्यभागी नाही."

मे महिन्यात बसले. खरंच, सुईवर बसल्यासारखं.
श्वास घेतला तरी डावी, सोडला तरी उजवी.
टोकाबाहेर तोच फुगवटा, बाजूनेच.
मी कंबर मोकळी सोडली
आणि लाट खालून गेली,
ओळखीची बाई दारावरून जाते तशी, न थांबता.
थर्मास मात्र उघडला नाही.

एकदाच ती फार कलली. काठ ओला झाला.
मी वाट पाहिली.
टेका आला. उशिरा, पण आला.

त्या दोन बोटांचे तुकडे शेडच्या खिडकीत आहेत.
सात. इलान्ग्वाक त्यांवर गरम कप ठेवतो.
एक मी मागितला. "कशाला?"
असाच, म्हटलं.
त्याने शोधून शोधून
गाठ असलेला, डुगडुगणारा तुकडा दिला.