झेडनंतरची अक्षरं

हापसालूची खाडी इतकी गोठलीय
की लोक बर्फावरून गाड्या घेऊन हियूमा बेटावर जातात.
मी स्वयंपाकघरात बसून
एक अख्खी लिनक्स
सोर्सपासून पुन्हा बांधतोय.
अकराशे बारा पॅकेजं.
हौस नाही ही.
ग्रंथालयातल्या एकवीस जुन्या यंत्रांना
यापुढे काही मिळणार नाही, असं दूर कुठेतरी ठरलं
आणि ग्रंथपाल वाम्बोला म्हणाला,
"चालतात रे ती.
आपण मेलोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

घरमालकीण उर्वे
राईच्या कणकेचं पातेलं यंत्राच्या डोक्यावर ठेवते.
बांधणी चालू असली की यंत्र तापतं,
फडक्याखाली करडी कणीक फुगते.
अडली की दोन्ही गार.
सकाळी ती मला काही विचारत नाही,
बोटाने कणीक दाबते आणि म्हणते,
"दोनला मोडलं ना रात्री?"
दोन वाजून दहा मिनिटांनी.

कंपायलर बांधायला
आधी एक कंपायलर लागतो.
हे मी तिला गंमत म्हणून सांगितलं.
ती हसली नाही.
तिची लाकडी काठवट कधीच घासून धुतलेली नाही.
कडेला चिकटलेलं मागच्या पावाचं पीठ
पुढच्या पावाला उठवतं.
एकोणपन्नास साली घरातली सगळी माणसं नेली,
तेव्हा शेजारणीने एवढी एक काठवट उचलून नेली
आणि आठ वर्षांनी परत केली.
ओली.

बहुतेक मोडतोड साधी असते.
कुणी हेडर विसरलेलं,
कुणी न सांगता फंक्शनला हाक मारलेली;
जुना कंपायलर कानाडोळा करायचा,
नवा करत नाही.
एक ओळ घालायची, पुन्हा सोडायचं,
चहा ठेवायचा.

पण चारशे सतराव्याने
तीन रात्री खाल्ल्या.
सगळीकडे बांधलं जातं, फक्त माझ्याकडे नाही.
मेमरी बदलली. कंपायलर बदलला.
वायरला शिव्या दिल्या.
तिसऱ्या रात्री चाचणीचा अहवाल
एकदाचा शब्द न् शब्द वाचला:
'तुली' हा लहान अक्षरांतला शब्द नाही.
'उक्स' नाही. 'वेसी' नाही.

तुली म्हणजे आग.
उक्स म्हणजे दार.
वेसी म्हणजे पाणी.

कुणीतरी लिहून ठेवलं होतं:
ए पासून झेडपर्यंत जे येईल ते अक्षर.
त्याच्या गावात झेड शेवटी उभा असेल.
आमच्यात तो एसच्या शेजारी बसतो,
अगदी शाळेच्या पहिल्या तक्त्यापासून,
आणि टी, यू, व्ही त्याच्या मागून येतात.
म्हणजे आग, दार, पाणी
कुंपणाबाहेर.

उपाय एका अक्षराचा आहे, सगळ्यांना ठाऊक.
यंत्राला सांगायचं:
बांधणीपुरता तू कुठलाच नाहीस,
तुला भाषा नाही, तारीख लिहायची रीत नाही.
मी ते टाइप केलं.
एंटरवर बोट ठेवून बसलो.
बाहेर बर्फ तडकल्याचा आवाज आला,
लांब, बंदुकीसारखा.
मग खोडलं.

सत्तावीस जागा सापडल्या.
प्रत्येक ठिकाणी ए ते झेड काढून लिहिलं:
कुठलंही लहान अक्षर.
फार मोठं काही केलं असं नाही,
पहाटेपर्यंत मान तेवढी अवघडली.

साडेपाचला चारशे सतरावं पार पडलं.
पाच चौतीसला
चारशे अठरावं मोडलं,
कुठल्यातरी फाँटवरून.

उर्वे लोकरीचे मोजे ओढत आली,
फडकं उचललं, बोट दाबलं.
कणीक पातेल्याच्या काठाबाहेर आली होती,
थोडी कीबोर्डवरही.
"पुसू नकोस," ती म्हणाली,
आणि नखाने खरवडून
तेवढीसुद्धा काठवटीत टाकली.