गोराकुंडावर, गेर गेल्यानंतर

गेर राजवाड्याकडे गेली होती. तोफेने उडवलेला गुलाल
अजून खाली बसायला तयार नव्हता.
ओट्यावरून मागे झुकलेला पोरगा
डोक्यावर पडला.
आवाज फार नाही. नारळ टेकवावा, तेवढाच.

"कुछ नी हुआ, भिया."
पाच-सहा हात त्याला उठवायला धावले.
मी ओरडले : हलवू नका!
केसांत हिरवा, नाकापर्यंत जांभळी म्हातारी,
कोण ऐकणार?
पण बत्तीस वर्षं वॉर्डात कमावलेला गळा आहे.
थांबले.

गुडघे कुरकुरले. बसले रस्त्यातच,
त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं,
मान होती तशीच.
कोणी पाण्याची बाटली पुढे केली. घोटसुद्धा नको.
कोणी चप्पल हुंगवायला आणली.
पायात घाल म्हटलं, आणि एकशेआठला फोन लाव.

पण आज ओळखायचं कशावरून?
ओठ निळे, ते रंगाने की कशाने?
लालातलं रक्त कुठलं?
शेजारणीला म्हटलं, बोट लावून बघ,
गुलाल खरखरतो, रक्त चिकटतं.
तिने धुतलेला रुमाल हलकेच धरला जखमेवर.
कान कोरडे होते. पाण्यासारखं काही वाहत नव्हतं.
मोबाइलच्या उजेडात डावी बाहुली झटकन लहान झाली,
उजवी जरा आळसावली.

नाव काय? यतीश.
"आंटी, गेर निकल गई क्या?"
निघाली रे.
"गेर निकल गई क्या?"
निघाली.
ओकारी आली तेव्हा तिघांनी, माझ्या 'हां'वर,
खांदा कंबर गुडघे एकदम,
ओंडक्यासारखा कुशीवर वळवला.
"गेर निकल गई क्या?"
निघाली, बाळा. प्रत्येक वेळी
पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं.

मग म्हणाला, "सोने दो ना."

आमचा अनंता कृष्णपुऱ्याच्या पुलावर
सायकलवरून पडला, उठला, घरी आला, पोहे खाल्ले,
म्हणाला, मला काही झालं नाही, जरा पडतो.
आईने पंखा लावला. दार लोटलं.
त्याची झोप मोडू नये म्हणून
संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे
हळू बोलत होतो.

गाडीतल्या मुलाला सांगितलं :
पावणेएकला पडला, दोनदा ओकला,
एकच प्रश्न सात वेळा. लिहून घे.
त्याने तळहातावर लिहिलं.

रात्री तीनदा केस धुतले.
मोरीत लाल पाणी, मग हिरवं, मग नुसतं पाणी.
हात मात्र
अजून वाटीसारखेच.